आकडी आणि आकडा

बस सुटायची वेळ होऊन चार मिनिटं झाली होती, तरी दारं मिटत नव्हती. हेमांगीने पायांमधली पितळी वजनांची पेटी जरा आत ओढून घेतली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बस का थांबली आहे हे तिला माहीत होतं. निदान आज तरी ती दुसऱ्या कुणामुळे थांबलेली असावी, एवढीच तिची इच्छा होती.

"आसन क्रमांक अकरा, हेमांगी कुरणे," छतातून मध घातलेला आवाज आला. "आपला जोखीम-अंक बासष्ट आहे. आपल्याच सुरक्षिततेसाठी कृपया खाली उतरावं आणि सोबती येईपर्यंत थांब्यावर बसावं. आपल्या सोबत्याला निरोप पाठवलेला आहे. निर्धास्त राहा."

बसला चालक नव्हता, वाहक नव्हता, त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं. होते ते पस्तीस प्रवासी. त्यांच्या सत्तर डोळ्यांना आता कळलं होतं, की अकरा नंबरच्या बाईंना काहीतरी आहे. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीने दप्तर हळूच छातीशी धरलं.

"ताई, उतरा ना," मागून एकजण म्हणाला. "नऊला हजेरी लागते आमची."

"मला काहीही झालेलं नाही."

"झालं नसेल हो. पण आता होईल म्हणतीय ना ती."

हेमांगी पेटी उचलून उतरली. पेटी साडेअकरा किलोची होती. त्या आठवड्यात उतरायची ही तिसरी वेळ.

वारणकोटच्या टेकडीनाक्यावर ती बाकावर बसली. पंधरा मिनिटांनी केदार स्कूटरवरून आला. फोटो फ्रेमचं त्याचं दुकान गुळपेठेत होतं. शर्टाच्या बाह्यांवर लाकडाचा भुसा तसाच होता, म्हणजे करवत चालू असताना टाकून आला होता.

"बरं वाटतंय का?"

"उत्तम."

"चक्कर? डोळ्यांसमोर ठिपके?"

"काही नाही."

"मग बासष्ट कसा?"

"समोरच्या हॉलमध्ये रात्री डीजे होता, झोप झाली नाही. तुझीही झाली नाही. तुझा किती आहे?"

केदारने खिशातून फोन काढला, बघितला आणि आवाज खाली आणला. "अडुसष्ट झाला. हेमा, शांत हो बघू. आत्ता नको बोलूया."

तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण ओरडली असती तर आकडा सत्तरीत गेला असता, आणि तिचा राग खरा आहे की आजाराचा, याचा विचार करत केदार तिच्याकडे बघत राहिला असता. त्या नजरेपेक्षा गप्प बसणं सोपं होतं. ती पेटी मांडीवर घेऊन स्कूटरच्या मागे बसली.

हेमांगीला पहिली आकडी आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आता ती चाळिशीला आली होती. गोळ्या सुरू होत्या, तरी वर्षाला साधारण तीन वेळा आकडी यायची. तिने त्या आजाराशी आपल्यापुरता व्यवहार ठरवून टाकला होता. गाडी चालवायची नाही. एकटीने पोहायचं नाही. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लावायची नाही. उकळतं भांडं मागच्या शेगडीवर ठेवायचं. एवढं सांभाळून बाकी सगळं करायचं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून लागताना तिने आजार लपवला नव्हता. बाजारातले काटे, पेट्रोल पंपांची मापं, दुधाच्या डेअरीतली लिटरं तपासत ती सतरा वर्षं जिल्हाभर हिंडली होती. बसने, आणि जिथे बस नाही तिथे पायी.

दोन वर्षांपूर्वी मात्र धान्यबाजारात ती लोखंडी काट्याच्या कडेवरच पडली. भुवईच्या वर सात टाके पडले. जखम महिन्यात भरली. केदारची भरली नाही. रात्री ती कूस वळली तरी तो उठून बसायचा. मग एके दिवशी तो इस्पितळातून एक माहितीपत्रक घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, 'पूर्वसूचक'.

मेंदूविकारांच्या डॉक्टर उपळेकरांनी ते यंत्र दोघांना नीट समजावून सांगितलं होतं.

"मोठं सभागृह आहे असं समजा," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम सुरू व्हायचाय आणि हजारो माणसं आपापसात बोलताहेत. मेंदूतल्या पेशींचं नेहमीचं काम असं चालतं. प्रत्येक गटाची आपली वेगळी कुजबुज, विजेच्या बारीक स्पंदनांतून. आकडी येते तेव्हा सगळं सभागृह बोलणं सोडून एकाच ठेक्यात टाळ्या पिटायला लागतं. त्या ठेक्यात शरीराला दुसरं काही ऐकूच येत नाही. पण टाळ्या एकदम सगळीकडे सुरू होत नाहीत. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या दोन रांगा आधी सुरू करतात, थांबतात, पुन्हा करतात. त्या दोन रांगा ऐकायच्या, एवढंच या यंत्राचं काम."

कानामागे, कातडीच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढे चार संवेदक बसवायचे. ते दिवसरात्र मेंदूतली वीज टिपणार आणि मनगटावरच्या पट्ट्याला कळवणार. शिवाय प्रत्येक रुग्णाच्या मेंदूला स्वतःची भरती-ओहोटी असते. कुणाची आठवड्याची, कुणाची महिन्याची. हेमांगीची एकोणीस दिवसांची निघाली. ती लय, झोप, नाडी आणि कोपऱ्यातल्या टाळ्या हे सगळं मिळून दर दहा मिनिटांनी एक आकडा तयार व्हायचा. शून्य ते शंभर.

यंत्र वाईट नव्हतं. तिसऱ्याच महिन्यात एका शनिवारी पट्टा थरथरला, आकडा होता एक्क्याऐंशी. हेमांगीने गॅस बंद केला, सतरंजी अंथरली, उशी घेतली आणि आडवी झाली. चाळीस मिनिटांनी आकडी आली. शुद्धीवर आली तेव्हा ना कुठे खरचटलं होतं, ना काही फुटलं होतं. बावीस वर्षांत आकडी पहिल्यांदाच कळवून आली होती. त्या दिवशी ती आनंदाने रडली होती, आणि केदारही.

मग शहर परिवहन सेवेने 'निर्धास्त' योजना आणली. ज्यांच्या अंगावर असं यंत्र आहे, त्यांचा आकडा थेट बसला कळायचा. पन्नासच्या वर गेला, की सोबत्याशिवाय प्रवास बंद. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. मोठ्या इमारतींच्या लिफ्ट योजनेत आल्या, नाट्यगृह आलं, नदीकाठचा जॉगिंग ट्रॅकही आला. हेमांगीचं नाव त्यात कसं गेलं? शस्त्रक्रियेच्या दिवशी ती टेबलावर असताना केदारने सोळा पानांच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. चौदाव्या पानावर 'सार्वजनिक सेवांना माहिती देण्यास संमती' होती. त्याने ते पान वाचलं नव्हतं. तिनेही कदाचित वाचलं नसतं.

पण भोगायचं होतं तिला. पहिल्या पावसात भिजणं सोडाच, नुसता जिना चढली तरी बावन्न. वाढदिवसाला मैत्रिणींबरोबर खो-खो हसली तर सत्तावन्न, आणि नाट्यगृहाचा दरवाजा तोंडावर बंद. उपास केला, चोपन्न. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला पहाटे उठली, एकसष्ट. लिफ्ट तळमजल्यावरून हलेना. मैत्रिणी हळूहळू बोलवायच्या थांबल्या. "तुला उगीच त्रास नको," असं म्हणायच्या.

केदारच्या फोनवर चाळीसलाच कंप व्हायचा. चौकटीचा कोपरा कापताना तो दचकायचा. एकदा करवत अंगठ्यावर गेली आणि नखाचा अर्धा भाग गेला. त्याबद्दल तो कधीच बोलला नाही, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं. घरात आता भांडण होत नव्हतं. पडद्यांवरून नाही, त्याच्या भावावरून नाही, दुकानावरून नाही. तिचा आवाज चढला, की तो फोनकडे बघायचा आणि पाणी आणायला जायचा. त्याचा आवाज तर कधी चढतच नव्हता. ती एकदा स्वतःशीच म्हणाली, की बाई गं, आकडीने वर्षातले तीन दिवस घेतले, या आकड्याने सगळंच घेतलं.

टेकडीनाक्याच्या त्या सकाळी ती कार्यालयात पोहोचली तेव्हा पावणेदहा झाले होते. हुक्केरी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. निवृत्तीला त्यांचे चौदा महिने उरले होते आणि ते चौदा महिने कुठल्याही भानगडीशिवाय जावेत, यापलीकडे त्यांना आयुष्याकडून काही नको होतं.

"मॅडम, या महिन्यात हा नववा उशीर."

"नऊही वेळा बसने उतरवलं, सर."

"तेच म्हणतोय मी. उद्यापासून तुम्ही टेबलावर बसा. बाजाराची तपासणी नवीन निरीक्षक बघतील. तुमच्याच काळजीपोटी, बरं का."

"माझी काळजी मी केली तर चालेल का?"

"असं कसं म्हणता? उद्या तुम्हाला काही झालं तर चौकशी माझी होईल."

हे निदान खरं होतं.

चार दिवस ती टेबलावर बसली. दुकानदार आपले काटे घेऊन कार्यालयात यायचे, तिने प्रमाण वजनं ठेवून बघायची, बरोबर असेल तर शिक्का. पाचव्या दिवशी एका किराणा दुकानदाराने नवाकोरा काटा पुढे ठेवला. तिने दोन किलोचं वजन ठेवलं. पडद्यावर 'दोन' उमटलं, पुढे काहीच नाही.

"याचं एकक कुठे आहे? किलो की पौंड की आणखी काही?"

"मॅडम, दोन म्हणजे दोन किलोच ना. समजतं की."

"नाही समजत. नुसत्या आकड्याला मी शिक्का देत नसते," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिची नजर मनगटावर गेली. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस काय?

दुपारीच तिने डॉक्टर उपळेकरांची वेळ घेतली.

"डॉक्टर, बासष्ट म्हणजे शंभरातले बासष्ट का?"

"छे, छे. तो टक्का नव्हे. तुमच्याच नेहमीच्या दिवसांच्या तुलनेत आजची खळबळ किती, त्याची ती पायरी आहे."

"मग माझा आकडा बासष्ट असताना पुढच्या तासाभरात आकडी यायची खरी शक्यता किती?"

डॉक्टरांनी संगणकावर तिची दोन वर्षांची नोंद काढली. आकडेमोड केली. पुन्हा केली. "साधारण साठात एक," त्या म्हणाल्या.

"साठात एक!"

"तीसुद्धा रोजच्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे, हे विसरू नका. पण हो, साठातल्या एकोणसाठ वेळा काहीच होणार नाही. हा यंत्राचा दोष म्हणता येत नाही. दुर्मीळ गोष्टीचं भाकीत असंच असतं. हे बघा, वर्षात तास किती? पावणेनऊ हजारांच्या आसपास. तुमची आकडी त्यातल्या तीन तासांत. समजा, यंत्राने एकही आकडी चुकवली नाही आणि बाकीच्या तासांत शंभरातून फक्त दोनदा फसलं. फार चांगलं यंत्र म्हणायचं ते. तरी वर्षाला पावणेदोनशे खोटे इशारे होतात, आणि खरे तीन."

"आणि ही पन्नासची मर्यादा कुणी घातली? तुम्ही?"

"मुळीच नाही. आम्ही सत्तरच्या पुढे सांगतो, बसून घ्या, शेजारच्या माणसाला कल्पना द्या, गॅस बंद करा. बसमधून उतरा असं आम्ही कुणालाच सांगत नाही. उलट बसमध्ये बसलेल्या माणसाला रस्त्याकडेला उभं करणं मला जास्त धोक्याचं वाटतं."

हेमांगीने नोंदीची प्रत मागून घेतली. दोन वर्षांत पन्नासच्या वर गेलेले चारशे सहा तास. त्यांपैकी आकडी आली ती चार तासांत. आणि पाचवी आकडी आली होती आकडा अकरा असताना, शांतपणे कोथिंबीर निवडत बसलेली असताना.

दुसऱ्या दिवशी ती परिवहन सेवेच्या कार्यालयात गेली. चौकशी खिडकीने तिला तक्रार खिडकीवर पाठवलं. तक्रार खिडकीने योजना कक्षात. योजना कक्षातला माणूस जेवायला गेला होता. तो आला, तिचं बोलणं त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "सोबत कुणी आलंय का तुमच्या?"

"कशाला?"

"नाही, म्हणजे, समजावून सांगायला बरं पडतं."

"मला सांगा. मला समजतं."

"बघा ताई, पन्नास म्हणजे निम्मे. निम्म्याच्या वर गेलं की धोका. साधं गणित आहे."

"कशाच्या निम्मे?"

"शंभराच्या."

"शंभर काय?"

तो गोंधळला. मग चिडला. "ते वरून आलंय. बसच्या संगणकातच तसं आहे."

"या मर्यादेची चाचणी कुणी केली? कुठे केली? कागद दाखवा."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी आहे हे सगळं! एवढा सोन्यासारखा नवरा धावत येतोय म्हणताय, मग अडचण काय आहे तुम्हाला?"

हेमांगी तिथून तडक निघाली. पट्ट्यावर चौसष्ट होते. खाली बसथांबा होता, पण तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घरापर्यंतचं सहा किलोमीटर अंतर ती तरातरा चालत गेली, भर उन्हात, फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून. ट्रक अंगावरून जात होते. बसमध्ये बसायला असुरक्षित असलेली बाई या रस्त्याने चालली तर चालत होती. तिला कुणीच अडवलं नाही.

सोमवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आपल्याच कार्यालयाच्या दर्शनी दाराने आत आली. टोकन घेतलं. नंबर आल्यावर हुक्केरी साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"मॅडम, हे काय नवीन?"

"मी आत्ता तक्रारदार आहे, सर. रजेवर आहे." तिने अर्ज पुढे सरकवला. "आपला कायदा नुसत्या देण्याघेण्याच्या मापांपुरता नाही. माणसाच्या संरक्षणासाठी ज्या मापाचा आकडा वापरतात, तेही त्यात येतं. रक्तदाब मोजायची यंत्रं आपण बघतो ना? परिवहन सेवा एक आकडा वापरून माणसांना खाली उतरवते. त्या आकड्याला एकक नाही, पडताळणी नाही, दाखला नाही. तपासणी व्हावी, अशी माझी मागणी आहे."

हुक्केरी साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "चौदा महिने राहिलेत हो माझे," ते कळवळून म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"हा अर्ज मी फाइलला लावून ठेवला तर?"

"तर उद्या पुन्हा रजा टाकून येईन. परवाही. माझी रजा पुष्कळ शिल्लक आहे. जाते कुठे मी? बस नेत नाही मला."

त्यांनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. मग टंकलेखिकेला हाक मारली आणि त्रासिक आवाजात मजकूर सांगायला सुरुवात केली. अजिबात धीट नसलेल्या त्या माणसाने पत्र मात्र असं काही लिहिलं, की त्यात कुठेच फट नव्हती. तीन ओळी होत्या. वापरत असलेल्या मापनयंत्राचा पडताळणी दाखला, मापनाचं एकक आणि मर्यादेची चाचणी तीस दिवसांत सादर करावी.

परिवहन सेवेकडे यातलं काहीच नव्हतं. सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं: 'सदर अट तांत्रिक पुनर्विलोकन होईपर्यंत तात्पुरती स्थगित.' चूक झाली असं कुठेही लिहिलं नव्हतं. हेमांगीने तशी अपेक्षाही केली नव्हती. तिने फील्डवर परत जाण्याचा अर्ज त्याच दिवशी दिला, आणि हुक्केरी साहेबांनी तो न वाचताच मंजूर केला.

दुसरं काम अवघड होतं. त्या रविवारी चहा झाल्यावर तिने केदारला समोर बसवलं.

"मी इस्पितळात जाऊन संमती बदलून आले. आता आकडा फक्त माझ्या पट्ट्यावर दिसेल."

त्याने फोन काढला. जिथे आकडा असायचा तिथे काहीच नव्हतं.

"माझ्याही फोनवरून काढलास?"

"हो."

"बसवाल्यांचं मी समजू शकतो. पण मी?" तो म्हणाला. "मी काय केलं? फोन सांगेल तिथे धावत आलो."

"म्हणूनच. दोन वर्षं तू धावतोयस. दुकान अर्धं बंद असतं. अंगठा कापून घेतलास. आणि मी काही बोलले की तू आधी फोन बघतोस, मग मला उत्तर देतोस. मी खरंच चिडले आहे, हे तुला पटवायला मला आकड्याची परवानगी लागते."

"मला कसं कळणार मग? तू कुठे पडलीस, काय झालं..."

"मी सांगेन."

"आणि सांगता आलं नाही तर?"

"तर नंतर कळेल. जसं आधी कळायचं."

"आधी सात टाके पडले होते!" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तो उठून दुकानात निघून गेला, रविवार असून. तिला वाईट वाटलं. पण तिने संमती परत बदलली नाही.

पुढे पाच आठवड्यांनी, एका गुरुवारी, घरातून निघताना पट्ट्यावर अठ्ठावन्न होते. ती दोन मिनिटं दारात उभी राहिली. साठात एक, ती मनात म्हणाली, आणि निघाली. बस काही न बोलता सुटली.

भाजीबाजारात शेडच्या शेवटच्या रांगेत जुलेखा बागवान कांदे-बटाटे विकायची. पन्नाशीची, अंगाने दणकट, आवाज त्याहून दणकट. हेमांगीने तिच्या काट्यावर पाच किलोचं प्रमाण वजन ठेवलं. पडद्यावर पाच किलो चाळीस ग्रॅम दिसले.

"चाळीस ग्रॅम जास्त दाखवतोय. म्हणजे गिऱ्हाइकाला तेवढं कमी जातं."

"काय ओ मॅडम! चाळीस ग्रॅमचं काय घेऊन बसलाय? एक बारका कांदा तो."

"प्रत्येक वेळी एक कांदा."

तेवढ्यात मनगट थरथरलं. त्र्याहत्तर. आणि या वेळी आकड्याची गरजच नव्हती. तोंडात ती ओळखीची धातूची चव आली होती. हेमांगी काट्यापासून दूर सरकली आणि बटाट्याच्या रिकाम्या पोत्यांवर बसली.

"आता काय झालं? काटा माझा बिघडलाय आणि बसताय तुम्ही?"

"ऐका. मला आकडी येते. आत्ता येईल, कदाचित येणारही नाही. आली तर मला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. तोंडात काही घालायचं नाही. नाकाला कांदा नको, चप्पल नको. घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या वर गेली तरच रुग्णवाहिका बोलवा."

जुलेखाने एक क्षण तिच्याकडे निरखून पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि पायानेच कांद्याची टोपली बाजूला सारली.

शुद्ध आली तेव्हा हेमांगीला आधी वर निळी ताडपत्री दिसली. मग जुलेखाचा चेहरा. डोकं तिच्या मांडीवर होतं. जीभ चावली गेली होती, अंग मोडून आलं होतं, पण कुठे लागलं नव्हतं.

"दोन मिनिटं आणि थोडं वर," जुलेखा म्हणाली. "घड्याळ लावलेलं. लोक जमलेले, त्यांना हाकललं. एकजण कांदा घेऊन आलता नाकाला लावायला. त्याला म्हटलं, घ्यायचा तर किलोनं घे, नाहीतर ठेव खाली."

हेमांगीला हसू आलं आणि जीभ दुखली. तासभर ती तिथेच पडून राहिली. मग उठली, पाणी प्याली आणि पिशवीतून कागद काढून उरलेलं काम पूर्ण केलं. घरी जाताना बसमध्ये तिला झोप लागली.

संध्याकाळी केदार दुकानातून आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, सकाळच्या अठ्ठावन्नसकट.

"कधी?"

"पावणेबाराला."

"आणि मला आत्ता सांगतेयस? सात वाजता?"

"तू काय केलं असतंस? मी झोपले होते."

"ते मी ठरवलं असतं ना! मी नवरा आहे का कोण आहे तुझा? तिकडे परक्या बाईच्या मांडीवर पडलेली असतेस आणि मी इथे लोकांच्या लग्नाचे फोटो चौकटीत बसवतोय! सकाळी अठ्ठावन्न होता, तरी गेलीस?"

"गेले! उद्याही जाईन!"

"जा! कोण अडवतंय? मला तर अडवायलाही काही ठेवलं नाहीस!"

"अडवायचंच होतं ना तुला? अखेर बोललास!"

तो ओरडला, ती ओरडली. त्याच्या भावाचा विषय निघाला, पडद्यांचा निघाला, चौदाव्या पानाचा तर निघालाच. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली. हेमांगीच्या मनगटावर त्या वेळी किती होते, कुणास ठाऊक. पट्टा स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. अर्ध्या तासाने दोघांचे घसे बसले. केदार गॅलरीत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला आणि म्हणाला, "नाव काय त्या बाईंचं?"

शनिवारी तो पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्याबरोबर भाजीबाजारात गेला. जुलेखाच्या पुढ्यात शेजारणीकडून मागून आणलेला काटा होता. तिचा स्वतःचा काटा मागे पोत्यावर पडलेला होता आणि त्यावर खात्याचा लाल कागद चिकटवलेला होता.

"मी यांचा नवरा," केदार हात जोडून म्हणाला. "तुमचे आभार कसे मानू, कळत नाही..."

"आभार ठेवा बाजूला," जुलेखा उसळलीच. "बरं झालं आला. आधी हे सांगा, ही कुठली रीत? डोकं मांडीवर घेऊन बसले मी, गिऱ्हाईक सोडून. आणि बाईसाहेबांनी उठल्या उठल्या काय केलं? पाणी प्याल्या आणि माझ्या काट्याला नापासचा कागद चिकटवला!"

केदारने हेमांगीकडे पाहिलं. "हेमा, खरंच?"

"चाळीस ग्रॅमचा फरक आहे," हेमांगी म्हणाली. "दुरुस्त करून आणा. दहा मिनिटांत शिक्का देते."

"दुरुस्तीवाला मंगळवारशिवाय येत नाही."

"मग मंगळवारी आणा."

"सांगा की ओ तुमच्या बायकोला!"

"माझं नाही ऐकत ती," केदार म्हणाला.

जुलेखाने रागारागाने पेढ्यांचा पुडा घेतला, उघडला, एक पेढा तोंडात टाकला आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मग घरात कसं चालतं तुमचं?"

"आदळआपट करत," केदार म्हणाला आणि टोपलीतले कांदे निवडायला खाली बसला.